उतरत्या सुरातले प्रश्न

प्रश्न विचारताना आवाज चढतो, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती तपासून पाहावी असं कुणाला वाटत नाही. शाळेतल्या प्रकट वाचनापासून नाटकाच्या तालमीपर्यंत सूचना एकच: प्रश्नचिन्ह दिसलं की शेवटचा शब्द उचला. हीच सूचना घेऊन एस्टोनियन बोलणं ऐकायला बसलं तर ती लगेच निकामी ठरते. तालिनमधल्या दुकानात गल्ल्यावरची बाई गिऱ्हाइकाला पिशवी हवी का विचारते, तार्तूच्या थांब्यावर कुणी किती वाजले म्हणून विचारतं, फोनवर आई लेकाला ‘कुठे आहेस’ म्हणते. यातल्या बहुतेक प्रश्नांचा सूर शेवटाकडे जाताना खालीच येतो, साध्या विधानाचा यावा तसा. तरी कुणाचा गोंधळ उडत नाही. उत्तरं वेळेवर मिळतात.

हे कसं जमतं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे. माझं म्हणणं असं की एस्टोनियनमध्ये ‘हा प्रश्न आहे’ एवढं सांगण्याचं काम मुख्यतः शब्दांनी उचललेलं आहे, आणि त्यामुळे सूर दुसऱ्या, जास्त नाजूक कामाला मोकळा राहिला आहे. विचारणारा खरंच काही विचारतो आहे, की आधीच ठाऊक असलेलं पक्कं करून घेतो आहे, की कानांवर विश्वास न बसून तेच पुन्हा म्हणतो आहे, हे तिथे सूर सांगतो. शब्दांनी हात आखडता घेतला की मात्र सुराला पहिलंही काम करावं लागतं. पुढची सगळी प्रकरणं या वाटणीभोवती फिरतात.

भाषेची ओळख थोडक्यात. एस्टोनियन ही बाल्टिक समुद्राच्या काठची, साधारण अकरा लाख लोकांची भाषा. शेजारच्या लाटव्हियनशी किंवा रशियनशी तिचं रक्ताचं नातं नाही. ती उरालिक कुळातली, फिनिशची सख्खी बहीण आणि हंगेरियनची फार दूरची नातेवाईक. नामाला चौदा विभक्ती, व्याकरणात लिंग नाही, आणि शब्दावरचा आघात जवळजवळ नेहमी पहिल्या अक्षरावर. २००४ पासून ती युरोपियन युनियनची एक अधिकृत भाषा आहे. १८६९ मध्ये तार्तूला सुरू झालेल्या गीतमहोत्सवामुळे ‘गाणारं राष्ट्र’ असं या देशाचं वर्णन नेहमी केलं जातं. त्यावरून त्यांचं रोजचं बोलणंही गोड हेलकाव्यांचं असेल अशी अपेक्षा करणाऱ्याची निराशा होते. रोजचं एस्टोनियन बोलणं बऱ्यापैकी सपाट पट्टीत चालतं, आणि अशा पट्टीत थोडासा चढउतारही पुष्कळ काही बोलून जातो.

सुरावटीकडे जाण्याआधी एका गोष्टीपाशी थांबायलाच हवं, कारण ती टाळून पुढचं काहीच उलगडत नाही. एस्टोनियनमध्ये उच्चाराच्या लांबीच्या तीन पायऱ्या आहेत. मराठी वाचकाला ह्रस्व आणि दीर्घ शाळेपासून माहीत असतात, आणि ज्यांनी संस्कृत केलं आहे त्यांना प्लुतही. पण संस्कृतातला प्लुत हाक मारताना, अभिवादनाला उत्तर देताना अशा खास प्रसंगी यायचा. एस्टोनियनमध्ये तिसरी लांबी रोजच्या शब्दांचे अर्थ पालटते. ‘लिना’ म्हणजे चादर. त्यातला ‘न’ थोडा दाबून ‘लिन्ना’ म्हटलं की ‘शहराचा’, आणि आणखी दाबून, ताणून म्हटलं की ‘शहरात, शहराकडे’. नंतरचे दोन्ही शब्द लिहिताना अगदी सारखे लिहितात. कागदावर फरक नाही, कानाला मात्र स्पष्ट. मिखेल वेस्के या भाषाभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तीन पायऱ्यांचं वर्णन केलं, आणि तेव्हापासून आजवर एस्टोनियन ध्वनिशास्त्राचा अर्धा संसार याच प्रश्नावर चालला आहे असं म्हटलं तरी चालेल.

या संसारातलं सर्वांत मोठं नाव इल्से लेहिस्ते यांचं. जन्म १९२२, तालिन. युद्धाच्या धुमाळीत १९४४ मध्ये त्यांनी देश सोडला, जर्मनीत हँबुर्गला शिक्षण पुढे चालवलं, नंतर अमेरिकेत गेल्या आणि ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी दीर्घकाळ काम केलं. लांबी, आघात आणि सूर या तिन्हींवरचं त्यांचं ‘सुप्रासेगमेंटल्स’ हे १९७० चं पुस्तक जगभरच्या ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचलं. १९६० मध्येच त्यांनी दाखवून दिलं होतं की एस्टोनियनची लांबी एकट्या स्वराची किंवा एकट्या व्यंजनाची नसते. पहिलं आणि दुसरं अक्षर मिळून जो दोन अक्षरांचा गण होतो, त्यात दोघांचं एकमेकांशी प्रमाण काय, यावर ती ठरते. पहिल्या पायरीत पहिलं अक्षर दुसऱ्यापेक्षा आखूड, साधारण दोनास तीन. दुसऱ्या पायरीत उलट, तीनास दोन. तिसऱ्यात पहिलं अक्षर दुसऱ्याच्या दुपटीच्या घरात.

आणि इथेच सूर मध्ये येतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीतला फरक नुसत्या लांबीने भागत नाही. दुसऱ्या पायरीत आवाज पहिल्या अक्षरभर वरच राहतो आणि दुसऱ्या अक्षराला खाली उतरतो. तिसऱ्या पायरीत तो पहिल्या अक्षराच्या सुरुवातीलाच शिखर गाठतो आणि त्याच अक्षरात घसरायला लागतो. म्हणजे ‘शहराचा’ आणि ‘शहरात’ यांत फरक करताना एस्टोनियन माणूस लांबीबरोबर सुराचाही आधार घेतो. चिनी किंवा पंजाबीसारखी ही तानभाषा नव्हे, पण शब्दाने सुराचा थोडा वाटा आधीच उचललेला आहे. वाक्याच्या सुरावटीला जे करायचं ते उरलेल्या जागेत.

आता ‘लॅहेद लिन्ना?’ हा छोटा प्रश्न घ्या. ‘शहरात चाललास?’ यात ‘लिन्ना’ तिसऱ्या पायरीचा. शब्दाची मागणी अशी की आवाज लवकर वर जावा आणि तिथूनच उतरावा. प्रश्नासाठी मात्र शेवट वर उचलावासा वाटतो. दोघांचं भागवायचं कसं? एक वाट अशी की अख्खा शब्दच वरच्या पट्टीत उचलायचा. उतार शाबूत राहतो, फक्त उंचीवरून सुरू होतो. दुसरी वाट म्हणजे शब्द खालच्या सुरात धरायचा आणि तिथून वर न्यायचा. मग शब्दाची सुराची खूण पुसली जाते आणि सगळा भार लांबीवर पडतो. १९९९ मध्ये एवा लीना आसु आणि केंब्रिजचे फ्रान्सिस नोलन यांनी नेमकं हेच तपासलं होतं: वाक्याचा सूर बदलला की लांबीच्या पायऱ्यांच्या सुराच्या खुणांचं काय होतं. शब्दावरचा सूर खालचा असेल तर त्या खुणा टिकत नाहीत, पायरी ओळखण्याचं काम लांबी सांभाळते. एका भाषेतल्या दोन गरजा एकाच तारेवर आल्या की कोण मागे सरतं, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलं नाही.

तिसऱ्या लांबीवरून आठवलेली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. पाणिनीने अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात प्लुताचे प्रसंग सांगताना प्रश्नाचाही विचार केला आहे. प्रश्नाच्या शेवटी स्वर प्लुत होतो, आणि तिथे त्याने सांगितला आहे तो अनुदात्त, म्हणजे खालच्या सुराचा. प्रश्नाच्या शेवटी सूर चढलाच पाहिजे असं मानणाऱ्यांनी हे सूत्र एकदा नजरेखालून घालावं. एस्टोनियनशी त्याचा ऐतिहासिक संबंध शून्य. पण प्रश्न आणि सूर यांचा मेळ नियमांत बांधण्याची खटपट आपल्याकडे अडीच हजार वर्षांची आहे, हे मराठी वाचकाला ठाऊक असलेलं बरं.

प्रश्नांच्या जाती पाहण्यासाठी एकच वाक्य धरून ठेवू: ‘लेना लॅहेब मुहुले’, लेना मुहूला जाते. मुहू हे पश्चिम किनाऱ्याजवळचं बेट. विर्त्सूहून सुटणारी फेरीबोट मुहूच्या कुइवास्तू धक्क्याला लागते. बेटाचं काही विशेष नाही, वाक्याचं आहे. त्यात ल, न, म पुष्कळ आहेत. हे वर्ण उच्चारताना कंठातली कंपनं चालू राहतात, म्हणून संगणकावर सुराची रेघ बरीचशी अखंड दिसते. क, त, प, स आले की कंपनं थांबतात आणि रेघेत भगदाड पडतं. सुरावटीच्या अभ्यासकांची वाक्यं नेहमी थोडी विचित्र का असतात, याचं कारण हे.

सर्वांत रुळलेला प्रश्न ‘कास’ने सुरू होतो: ‘कास लेना लॅहेब मुहुले?’ आपल्या ‘का’सारखंच हे हो-नाही विचारण्याचं चिन्ह, फक्त आपण ते वाक्याच्या शेवटी ठेवतो आणि एस्टोनियन माणूस तोंड उघडताच ठेवतो. ही जागा महत्त्वाची आहे. ऐकणाऱ्याला पहिल्याच शब्दाला कळलं की हा प्रश्न, मग शेवटी आवाज उचलून तेच पुन्हा सांगायची गरज उरत नाही. वाक्य उतरत उतरत संपतं. ‘मिक्स लेना लॅहेब मुहुले?’ म्हणजे लेना मुहूला का जाते, यातही तसंच. ‘केस’ म्हणजे कोण, ‘मिस’ काय, ‘कुस’ कुठे, ‘मिल्लाल’ कधी, ‘कुइदास’ कसं. हे शब्द स्वतःच प्रश्न असतात. ‘मिस केल्ल ओन?’ म्हणजे किती वाजले. हे विचारताना आवाज चढवला तर समोरचा घड्याळ पाहण्याऐवजी तुमच्या तोंडाकडे पाहण्याची शक्यता जास्त.

मग येतात खुणा नसलेले प्रश्न. ‘लेना लॅहेब मुहुले?’ शब्द विधानाचेच, क्रमही तोच, ‘कास’ नाही. सगळं सुरावर आणि प्रसंगावर. माझ्या मते सर्वांत पाहण्याजोगी जागा हीच, कारण भाषेने शब्दांचा आधार काढून घेतला की सूर काय करतो ते उघडं पडतं. कधी शेवट खरोखर चढतो. पण तेवढी एकच सोय नाही. अख्खं वाक्य वरच्या पट्टीत सुरू होऊ शकतं, किंवा विधानात जी उतरण असते ती इथे कमी होते.

ही उतरण नीट समजून घ्यायला हवी. कुठलंही लांबसं वाक्य बोलताना सूर हळूहळू खाली येतो. प्रत्येक ठळक शब्दावरचं शिखर आधीच्या शिखरापेक्षा थोडं बुटकं असतं. छातीतली हवा संपत जाते हे त्याचं एक कारण, पण सगळं कारण तेवढंच नाही, कारण बोलणारा ही उतरण कमीजास्त करू शकतो आणि तिचा अर्थासाठी उपयोग करतो. कोपनहेगनच्या नीना ग्रोनुम यांनी, तेव्हा त्या थोर्सेन हे नाव लावत, १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॅनिशमध्ये हे फार सुंदर दाखवलं. विधानाची उतरण सर्वांत तीव्र. शब्दाची किंवा शब्दक्रमाची कुठलीच खूण नसलेल्या प्रश्नाची रेघ जवळजवळ आडवी. खूण असलेले प्रश्न मधे कुठेतरी. आसु यांनी २००४ मध्ये केंब्रिज विद्यापीठात एस्टोनियन सुरावटीवर प्रबंध सादर केला, त्यात हीच कसोटी एस्टोनियनला लावून पाहिली, आणि कल त्याच दिशेचा दिसला. शब्दांची खूण जितकी ठळक, तितकं सुरावरचं ओझं हलकं. एस्टोनियनमध्ये प्रश्नपण वाक्याच्या शेपटीत शोधणाऱ्याला ते सापडत नाही, कारण ते अख्ख्या वाक्याच्या उतारावर पसरलेलं असतं. संगणकावर प्राटसारखं सॉफ्टवेअर उघडून दोन रेघा एकाखाली एक ठेवल्या तर हे डोळ्यांनी दिसतं. नुसत्या कानाने शेवटच्या अक्षरावर लक्ष ठेवून बसणाऱ्याच्या मात्र हातून ते निसटतं.

त्या प्रबंधातली दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे एस्टोनियनच्या ठळक शब्दांवर सर्वांत जास्त वेळा येणारी सुराची आकृती वरून खाली येणारी आहे, विधानातही आणि प्रश्नातही. चढते सूर नाहीत असं नाही. नकाशा पाहून एकमेकांना वाट सांगण्याचा खेळ खेळणाऱ्या जोड्यांची आणि मोकळ्या गप्पांची ध्वनिमुद्रणं घेऊन त्यांनी चढत्या सुरावर वेगळा लेख लिहिला आहे. पण चढता सूर म्हणजे प्रश्न, असं समीकरण तिथे मांडता येत नाही. माणूस वाक्य अर्धं ठेवतानाही सूर वर ठेवतो, यादी सांगतानाही, ‘ऐकतोयस ना’ हे चाचपतानाही.

आता शेपटीचे शब्द. बोलण्यात ‘कास’ गाळून शेवटी ‘वऽइ’ लावण्याची पद्धत फार आहे: ‘लेना लॅहेब मुहुले वऽइ?’ लिहिताना या शब्दाचा अर्थ ‘किंवा’. बोलताना दुसरा पर्याय हवेतच सोडून दिलेला असतो, जसं आपण ‘येतोस, की...?’ म्हणून थांबतो. मित्रमंडळींत त्याचं आणखी झिजून ‘वॅ’ होतं. हा ‘वॅ’ स्वतःचा आघात घेत नाही, आधीच्या शब्दाला चिकटून खालच्या सुरात निघून जातो. प्रश्नाचं चिन्ह शेवटी आहे, तरी शेवट वर जात नाही. ‘एक्स’ लावला की ‘हो ना?’ असा होकार मागितला जातो: ‘लेना लॅहेब मुहुले, एक्स?’ इथे आधीचं वाक्य विधानासारखं पूर्ण उतरतं आणि मग ‘एक्स’ वेगळा, छोटासा येतो. या एका अक्षराचा सूर किती वर, किती खाली, यावरून विचारणाऱ्याची खात्री किती ते कळतं. आपल्या ‘ना’बद्दलही हेच म्हणता येईल. मराठी माणसाने दोनचार ‘येतोस ना’ निरनिराळ्या मनःस्थितीत म्हणून पाहिले की मला काय म्हणायचं आहे ते वेगळं समजवावं लागणार नाही.

‘एगा’ हा मात्र खास एस्टोनियन नग. तो नकाराची अपेक्षा धरून विचारतो. ‘एगा ते एइ तेआ, कुस याम ओन?’ तुम्हाला माहीत नसेल ना, स्टेशन कुठे आहे? अनोळखी माणसाला रस्त्यात थांबवून विचारण्याची ही सभ्य रीत आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हणणं सोपं करून ठेवलं की त्याच्यावर भार पडत नाही. इथे सूर चढवून गोडवा आणायची गरज नसते, अदब शब्दातच आहे. तोच ‘एगा’ खालच्या, कोरड्या सुरात आला तर मात्र संशय होतो: तू खिडकी उघडी टाकून आला नाहीस ना? चाल तीच, शब्द तोच. अदब की संशय, हे सूर आणि प्रसंग मिळून ठरवतात.

क्रियापद पुढे आणून केलेल्या प्रश्नांवर, म्हणजे ‘तुलेद सा?’ या जातीवर, काही अभ्यासक जर्मनचा प्रभाव पाहतात. शतकानुशतकं या देशात जमीनदार आणि पाद्री जर्मनभाषक होते, त्यामुळे कल्पना अवास्तव नाही. सुरावटीच्या दृष्टीने ही जात मधली: शब्दक्रमाची खूण आहे, पण ‘कास’ इतकी ठळक नाही.

पर्यायी प्रश्नांवर मी जरा जास्त रेंगाळलो आहे, आणि त्याबद्दल मला खंत नाही. ‘कास सोविद तेएद वऽइ कोहवी?’ चहा घेणार की कॉफी? लिहिलेल्या वाक्याचे दोन अर्थ होतात. एक, दोहोंपैकी काय? यावर ‘हो’ हे उत्तर विनोदी ठरतं. दोन, चहाकॉफी असं काही घेणार का? यावर ‘हो’ चालतं आणि ‘नको’ही चालतं. मराठीत ‘की’ आणि ‘किंवा’ हे दोन वेगळे शब्द हाताशी आहेत, ‘चहा की कॉफी’ म्हटल्यावर संदिग्धता उरत नाही. फिनिशमध्येही अशी दोन अव्ययांची सोय आहे. एस्टोनियनमध्ये दोन्हीकडे एकच ‘वऽइ’, म्हणून फैसला सुराकडे जातो. निवड मागायची असेल तर दोन्ही पेयांना आपापलं शिखर मिळतं, त्यांच्यामध्ये किंचित फट पडते आणि दुसऱ्यावर वाक्य निर्णायकपणे उतरतं. एकत्र पाहुणचार विचारायचा असेल तर दोन्ही शब्द एका झोतात येतात, फट बुजते. घरी आलेल्या परक्या पाहुण्याला हे सर्वांत आधी अडतं, व्याकरणाच्या पुस्तकात मात्र ते शेवटच्या पानांवर असतं.

उरतात ते प्रश्न ज्यांना माहिती नकोच असते. कुणी म्हणालं, लेना मुहूला जाते, आणि ऐकणारा म्हणतो, ‘मुहुले?’ हा ऐकू न आल्याचा प्रश्न असेल, आश्चर्याचा असेल, किंवा ‘एवढ्या वाऱ्यात?’ असा निषेधाचाही. शब्द एकच, खूण कुठलीच नाही, तेव्हा इथे सुराची चैन चालते: झेप मोठी, पट्टी रुंद. इथला चढता सूर मला प्रश्नापेक्षा भावनेचा वाटतो. उत्तर म्हणून ‘याह’ मिळतं किंवा क्रियापदच परत येतं. ‘लॅहेब’, जाते. एस्टोनियन उत्तरात क्रियापद परत म्हणण्याची ही सवय लेलो केएवालिक यांनी संभाषणांच्या आधारे अभ्यासली आहे. असे अभ्यास होऊ शकले ते तार्तू विद्यापीठात तीत हेन्नोस्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या बोलल्या जाणाऱ्या एस्टोनियनच्या संग्रहामुळे. प्रयोगशाळेत वाचून घेतलेली वाक्यं आणि खरी संभाषणं यांतलं अंतर अशा संग्रहांशिवाय कळलंच नसतं. वाचणारा माणूस प्रश्नचिन्ह पाहून प्रश्न ‘करून दाखवतो’. बोलणारा तो नुसता विचारतो.

प्रश्न आणि चढता सूर यांची सांगड अगदीच खोटी आहे का? तसंही नाही. जॉन ओहाला यांनी १९८० च्या दशकात मांडलेली कल्पना प्रसिद्ध आहे: बारीक, उंच आवाज लहान शरीराचा, म्हणून नमतेपणाचा, आणि जाड, खालचा आवाज मोठ्या शरीराचा, म्हणून अधिकाराचा. विचारणारा समोरच्याच्या माहितीवर अवलंबून असतो, म्हणून तो उंच सुराकडे झुकतो. यात तथ्य आहे. पण उंच सूर म्हणजे शेवटी चढणारा सूरच, असं ओघाने येत नाही. उंची वाक्याच्या सुरुवातीला असू शकते, मध्यावर असू शकते. हंगेरियनमध्ये विधान आणि हो-नाही प्रश्न यांचे शब्द बहुधा तंतोतंत सारखे असतात, तिथे सूर शेवटून दुसऱ्या अक्षरावर उसळतो आणि शेवटी पडतो. रशियनमध्ये ज्या शब्दाविषयी विचारायचं त्याच्या आघाताच्या अक्षरावर उसळी येते, पुढचं सगळं खाली. ऐकू न आल्यावर माणूस जो ‘हं?’ करतो त्याचा दहा भाषांत अभ्यास करून २०१३ मध्ये एक लेख निघाला. बहुतेक भाषांत तो चढता, पण आइसलँडिकमध्ये उतरता, कारण त्या भाषेत प्रश्नच उतरत्या सुरात विचारतात. एस्टोनियन या पंगतीत एकटी बसलेली नाही.

रशियनचा उल्लेख आला तो सहज नव्हे. एस्टोनियाच्या लोकसंख्येत साधारण चौथा हिस्सा रशियन वंशाच्या लोकांचा आहे, नार्वासारख्या सीमेवरच्या गावात तर रशियनच ऐकू येते. दोन भाषांत प्रश्नाच्या सुराची व्यवस्था इतकी वेगळी असताना एकीची सवय दुसरीत नेली की काय होईल? ‘कास’ही लावला आणि वर उसळीही दिली, तर ऐकणाऱ्याला साध्या चौकशीत आश्चर्य किंवा अविश्वास ऐकू यायचा धोका असतो. उच्चारातल्या चुका लोक चूक म्हणून ओळखतात आणि सोडून देतात. सुरातली चूक स्वभावाच्या खाती जमा होते. वाक्य वाचून दाखवणारी यंत्रं घडवणाऱ्यांपुढेही तोच पेच आहे. तालिनच्या एस्टोनियन भाषा संस्थेत अशा कृत्रिम वाणीवर बरीच वर्षं काम चाललेलं आहे. यंत्राला कागदावर दिसतं ते फक्त प्रश्नचिन्ह, आणि ते ‘कास’च्या प्रश्नालाही तेच, निषेधाच्या ‘मुहुले?’लाही तेच.

पुस्तकाच्या रचनेविषयी दोन शब्द. पहिली दोन प्रकरणं लांबीच्या पायऱ्यांवर आहेत. ज्यांना थेट प्रश्नांकडे जायचं आहे त्यांनी ती ओलांडली तरी चालेल, पण ‘लॅहेद लिन्ना?’चं विवेचन वाचताना मागे यावं लागेल. तिसरं ‘कास’ आणि प्रश्नवाचक सर्वनामं, चौथं खुणा नसलेले प्रश्न, पाचवं ‘वऽइ’, ‘वॅ’, ‘एक्स’ आणि ‘एगा’, सहावं पर्यायी प्रश्न. शेवटचं प्रकरण संभाषणातल्या प्रतिध्वनी-प्रश्नांवर आहे आणि ते सर्वांत अपुरं आहे, कारण त्या भागातलं संशोधनच अजून चालू आहे. मापनाच्या तांत्रिक गोष्टी शक्य तितक्या टाळल्या आहेत. सुराची उंची जिथे आकड्यांत द्यावी लागली तिथे ती हर्ट्‌झमध्ये न देता अर्ध्या स्वरांत दिली आहे, म्हणजे पुरुषाचा आणि बाईचा आवाज शेजारी ठेवून पाहता येतो, आणि पेटीवर बोट ठेवणाऱ्या कुणालाही ती कळते.

देवनागरीत एस्टोनियन लिहिताना काही तडजोडी केल्या आहेत. ‘कास’मधला आ आखूड म्हणावा, आपल्या ‘कासव’मधल्यासारखा ताणू नये. ‘वऽइ’चा उच्चार मराठी ‘वय’च्या बराच जवळ जातो, ओठ गोल करायचे नाहीत. ‘लॅहेद’, ‘तुलेद’ यांच्या शेवटचा द जवळजवळ त सारखा. तिसऱ्या पायरीच्या शब्दाखाली पुढच्या प्रकरणांत रेघ दिली आहे, दुसरीच्या खाली काही नाही. एस्टोनियन लिपी स्वतः हा फरक बऱ्याच ठिकाणी दाखवत नाही, तेव्हा मूळ मजकूर चाळणाऱ्याला तिथे ही रेघ दिसणार नाही.